चार रेघांची विहीर

कलकत्ता, बऊबाजार
ता. १६ फेब्रुवारी १९३७

दादा,

केनवडच्या घरात सगळ्यायले रामधनचा रामराम. पंचफुलावहिनीले वेगळा, कारण दोन वर्षं झाली तरी माह्या नावाची अर्धी भाकर ती टोपल्यात ठेवत असन, असं मले उगाच वाटत राह्यते.

गफ्फारभाई, हे पत्र तुमीच दादाले वाचून दाखवून राह्यले हे मले माहीत आहे. हळू वाचा, अन् मंधात आपल्या पदरचं घालू नका. दुकानात गिऱ्हाईक उभं असन तर आधी त्याले मोकळं करा.

दादा, तुहं कार्ड पोचलं. वैशाखातल्या आखाजीच्या आधी वाशीमले रजिस्टर कचेरीत ये अन् वाटणीच्या कागदावर सही करून जा, म्हणते. विहीर तुह्याकडे, अन् मले वरची बरड जमीन दुप्पट. दुप्पट बरड घेऊन मी काय करू, गोटे पिकवू? बाबांनी विहीर खोदली तवा मातीची टोपली तू वाहिली हे खरं. मी झोळीत होतो, पण मले काय कोणी विचारलं होतं टोपली घेते काय म्हणून?

उत्तर दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. तिसरं लिहाले बसलो अन् इथं अशी एक गोष्ट घडली की तुले सांगितल्याशिवाय माह्या पोटात राह्यत नाही.

मी एका चिनी माणसाच्या कारखान्यात आहे. लियोंग मिस्त्री त्याचं नाव. टेबलं, खुर्च्या, आलमाऱ्या. माहं काम लाकूड घासून गुळगुळीत करायचं. मिस्त्री साठीचा, वाळका, त्याची हिंदी माह्याहून मोडकी. दोघायची मोडकी जोडून आमचं एक धड बोलणं होते.

गेल्या गुरुवारी त्यायचा पाडवा होता. मी सकाळी अंगणातल्या विहिरीवर अंघोळीले गेलो, तर तोंडावर फळ्या आडव्या टाकलेल्या. फळ्यायवर लाल कागद चिकटवलेला, अन् कागदावर काळ्या शाईच्या चार रेघा. दोन आडव्या, दोन उभ्या.

आता तूच सांग, आपल्याकडे कोणाची विहीर कोण कवा झाकते? भांडण झालं तवाच. मले वाटलं, शेजारच्या बूटवाल्यानं पाण्यावरून दावा धरला अन् मिस्त्रीले नाडून राह्यला. माहं डोकं तुले माहीत आहे. कागद टराटरा ओढला, फळ्या सरकवल्या, अन् बूटवाल्याच्या खिडकीकडे तोंड करून चार बादल्या अंगावर घेतल्या. गाणंही म्हणलं.

मांगं पाहतो तर मिस्त्री. नवे कपडे घालून उभा. त्याच्या मांगं सगळे कारागीर, कोणी हलत नाही.

"कागज किसने निकाला?"

"हवा से गया, मिस्त्री."

त्यानं तुकडे वेचले, घडी केली अन् खिशात घातली. मले वाटलं, काम गेलं.

दुपारी एका कारागिरानं समजावलं. हे लोक पाडव्याले विहिरीले सुट्टी देतात. वर्षभर पाणी देऊन ती थकली, तवा दोन दिवस तिच्यात बादली सोडायची नाही. पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवायचं. तिसऱ्या दिवशी उदबत्ती लावून तिले उघडायचं.

दादा, आपण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे लोण्या-हळदीनं मळतो अन् पोळ्याले जू ठेवत नाही. हे लोक विहिरीचा पोळा करतात. मी वीस वर्षं विहिरीवर वाढलो, पण ती थकत असन असं एकदाही मनात आलं नाही. तुह्या आलं होतं?

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनं मले हाक मारली. मी गोधडी बांधूनच गेलो. त्यानं फळीवर भुसा पसरला अन् बोटानं चार रेघा ओढल्या. खाली काढून दाखवतो.

井

"चेंग," म्हणला. शेवटी आवाज वर नेते, विचारल्यावानी. मंग विहिरीकडे बोट. म्हणजे विहीर. दादा, हे एक अक्षर म्हणजे अख्खी विहीर. काना नाही, मात्रा नाही. "पहले ये सीखो," मिस्त्री म्हणला, "पीछे बादली पकड़ो." तवापासून मले विहिरीवर जायची बंदी आहे, माह्या वाटचं पाणी दुसरा काढते, अन् मी भुश्यात रेघा ओढून राह्यलो.

वाटणीचं मंग लिहितो. तुहा गुडघा थंडीत अजून दुखते काय? ज्याच्यावरून तू पडला तो मोटेचा नाडा जुना झाला होता, मी तवाही सांगितलं होतं.

तुहा
रामधन


कलकत्ता
ता. ३ मार्च १९३७

दादा,

तुहं उत्तर नाही, तरी लिहून राह्यलो, कारण इथं हे सांगावं असं कोणी नाही. कारखान्यातले म्हणतात, एका अक्षरापायी याड लागलं याले. लागू दे.

चार रेघा ओढायले काय लागते, असं तुले वाटत असन. मलेही वाटलं. मी आधी दोन उभ्या ओढल्या, मंग आडव्या. दिसाले सारखंच. मिस्त्रीनं तळहातानं भुसा पुसला. पुन्हा ओढलं, पुन्हा पुसला. पाचव्या वेळी मी म्हणलं, "मिस्त्री, बराबर तो है."

"दिखता बराबर. बना बराबर नहीं. पहले लेटा, पीछे खड़ा."

आधी वरची आडवी, ती आखूड. मंग खालची आडवी, जरा लांब. मंग डावी उभी, तिचा पाय खाली थोडासा बाहेर वळते, खांद्यावर ओझं घेतलेल्या माणसावानी. अन् सगळ्यात शेवटी उजवी, सरळ. एक आठवडा गेला तवा कुठं मिस्त्रीचा हात पुसाले खाली आला नाही. त्या दिवशी मी दोन माणसाचं लाकूड घासलं.

या चार रेघा म्हणजे चार लाकडं. त्यायच्या गावी विहिरीच्या तोंडावर अशी चौकट बसवतात, टोकं बाहेर काढून. मी विचारलं, एकावर एक ठेवली तर हलत नाहीत काय? त्यानं दोन पट्ट्या घेऊन करून दाखवलं. जिथं लाकडं एकमेकाले भेटतात तिथं दोन्हीतून अर्धा अर्धा खाचा कापायचा. एकातूनच कापला तर ते लाकूड तिथं मोडते. दोन्हीतून कापला तर खिळाही लागत नाही.

हेच अक्षर दोनदा म्हणलं की त्याचा अर्थ टापटीप. भिंतीवर रंधे, करवती, पटाशा मापानं लावल्या की मिस्त्री कमरेवर हात ठेवून ते दोनदा म्हणते. मले वहिनीचे मेथीचे वाफे आठवतात. तिले सांग, तिचे वाफे चिनी भाषेत दोन विहिरी आहेत. समजणार नाही, पण सांग.

अन् आता ऐक, ज्यासाठी हा कागद घेतला. ही चौकट अजून एकदा पाह्य. हिच्या रेघा चारीकडून वाढवून भोवती कुंपण घातलं तर किती तुकडे पडतात? नऊ. लय जुन्या काळी त्यायच्याकडे जमीन अशीच वाटत, म्हणते मिस्त्री. भोवतालचे आठ तुकडे आठ घरायचे, अन् मधला सगळ्यायचा. तो आठही घरं मिळून कसत. विहीर त्याच्यातच.

दादा, आठ घरं जर एका विहिरीवर नांदली, तर आपण तर दोनच आहो. वाटणी कर, माहं ना नाही. पण कागदावर रेघ ओढशील तवा विहिरीवरून ओढू नको अन् तिच्या पल्याडूनही ओढू नको. मधला चौकोन राहू दे. चार दिवस तुही पाळी, चार दिवस माही. मी माह्या पाळीले येईन, पाणी घेईन, जाईन. त्या वर्षीच्या कोबीचं मी आता काही बोलत नाही.

एक राह्यलंच. मिस्त्री म्हणते, त्यायचे जुने लोक या अक्षराच्या मंधात एक ठिपका देत. ठिपका म्हणजे पाण्यातली बादली. आपल्या हिशेबानं मोट. आता कोणी देत नाही. मले तो ठिपका लय आवडला. मिस्त्री देऊ देत नाही, म्हणते आजचं लिही.

गफ्फारभाई, चित्र दादाले दाखवलं काय? उलटं धरलं असन तरी चालते, थोडाच फरक पडते.

तुहा
रामधन


कलकत्ता
ता. २७ मार्च १९३७

दादा,

कार्ड पोचलं. सगळी एक ओळ. "चित्रं धाडू नको. नाडा कसा तुटला ते लिही."

नाडा कसा तुटला म्हणजे काय? नाडा तुटते तसा तुटला. मोट भरून वर आली, बैल धावेच्या उतारावरून खाली जाऊन राह्यले, तू नेहमीसारखा त्यायच्या मांगं ताणलेल्या नाड्यावर बसला होता, अन् तो गेला. तू खाली पडला, बैल काट्याच्या कुंपणापर्यंत पळाले. मी वाफ्यावर होतो. सगळ्यायले माहीत आहे. अंबाडीचा नाडा किती वर्षं चालते? तीन हंगाम ओढला तो.

मी एवढी दोन पत्रं लिहिली, अन् तुले एवढंच विचारायचं आहे?

रामधन


कलकत्ता
ता. ५ एप्रिल १९३७

दादा,

गफ्फारभाई, हे पत्र दुकानात वाचू नका. दादाले घेऊन विहिरीवर जा अन् तिथं वाचा. वहिनी आली तर येऊ द्या.

आधी इथलं सांगतो, कारण तिथलं त्याच्याच मांगून येते.

मागचं पत्र टाकून आलो तवा मिस्त्री एकटाच बसला होता. कुंचला अन् शाई काढलेली. मले म्हणला, बस, आज तुह्या अक्षराचं अजून एक काम दाखवतो. कागदावर त्यानं चार अक्षरं लिहिली. दुसरं ओळखीचं, आपली विहीर. बाकी तीन त्यानं सांगितली. पहिलं म्हणजे पाठ. तिसरं सोडणं. चौथं गाव. विहिरीकडे पाठ करून गाव सोडलं. जो घरदार सोडून दूर मुलखात जाते, त्याच्याबद्दल ते असंच बोलतात.

"ये हम," मिस्त्रीनं आपल्या छातीवर बोट ठेवलं. मंग तेच बोट माह्याकडे केलं. "ये तुम."

मी कागदाकडे पाहत राह्यलो. मी निघालो ती सकाळ आठवली. वहिनी मोटेचं पाणी पडते त्या थारोळ्याजवळ हंडा घासून राह्यली होती. तू ओट्यावर, गुडघ्याले पाला बांधलेला. मी विहिरीवरूनच गेलो, पण तिकडं पाह्यलं नाही. काहून पाह्यलं नाही, ते मले एकट्याले माहीत होतं.

अन् तोंडातून निघालंच. "मिस्त्री, वो कागज हवा से नहीं गया. हमने फाड़ा."

तो कुंचला धूत होता. "मालूम."

"कब से?"

"उसी दिन. हवा कागज का कोना उठाता. बीच में से नहीं फाड़ता."

"तो बोला क्यों नहीं?"

"तुम बोलेगा, इसलिए."

दीड महिना, दादा. दीड महिना तो रोज मले शिकवत होता, अन् रोज त्याले माहीत होतं. मी त्या चार रेघायकडे पाह्यलं अन् मले तुही एक ओळ आठवली. नाडा कसा तुटला ते लिही. ज्याले माहीत नाही तो असं विचारत नाही.

लिहितो.

वाशीमच्या बाजारातून मी कोबीचं बी आणलं होतं. केनवडात कोबी कोणी लावली नव्हती. तू म्हणला होता, पानायचा गड्डा कोण खाते, बकऱ्या? सगळे हसले. मीही हसलो. रोपं धरली, गड्डे बांधाले लागले, लिंबाएवढे. तवा चैतात पाणी उतरलं अन् तू माह्या पाळीचं पाणी दोनदा वांग्यायले वळवलं. वांगी घरची होती, बाजार त्यायच्यावरच होता, हे मले आज समजते. तवा मले एवढंच दिसलं की माहे गड्डे माना टाकून राह्यले, अन् तू नाड्यावर बसून गाणं म्हणून राह्यला.

दुपारी तू जेवाले गेला. मी कोयता घेतला अन् नाड्याचे पीळ कापले. सगळा नाही, अर्धा. माह्या मनात एवढंच होतं की पाहून तूच म्हणशील, नाडा झिजला, आज मोट राहू दे. एक दिवस तुही वांगी सुकतील. तू पाहशील असं वाटलं. तू तर रोज हात फिरवून पाहते. त्या दिवशी काहून पाह्यलं नाही?

तू येऊन बसला अन् मोट चालू केली. मी वाफ्यावरून पाहत होतो, दादा. हाक मारायची म्हणून मी तोंड उघडलं होतं. आवाज निघाला नाही, हे खोटं. निघाला असता. मी मारली नाही. एक मोट वर आली, काही झालं नाही. दुसरी आली. तिसरीले तू पडला.

तुहा गुडघा माह्या कोयत्यानं गेला. नाडा जुना नव्हता.

विहीर तू ठेव. बरड दे का नको देऊ, मी वाशीमले येऊन सही करून जातो. मी तुह्या जागी असतो तर ज्यानं नाडा कापला त्याले मीही विहिरीजवळ येऊ दिलं नसतं. मधल्या चौकोनाचं जे लिहिलं होतं ते विसर. पण अक्षर मी विसरणार नाही, ते माहं आहे.

मिस्त्रीनं आज माही बंदी उठवली. सकाळी पहिली बादली मी काढली. मले हसू येऊन राह्यलं होतं. काहून ते माहीत नाही. दोन वर्षं छातीवर धोंडा होता, तो तुह्याकडे धाडून मी इथं मोकळा झालो, हे काही बरोबर नाही. पण झालो.

रामधन


वाशीम
ता. १ मे १९३७

दादा,

मी वाशीमले पोचलो. अकोल्यापर्यंत रेल्वे, तिथून मोटार, अन् मोटारीत माह्या मांडीवर कोणाचीतरी कोंबडी. हे पत्र दौलतसिंगच्या गाडीबरोबर पुढं धाडून राह्यलो. तो कांदे टाकून केनवडले रिकामा जाऊन राह्यला होता, आता रिकामा नाही. त्याच्या गाडीत काय आहे ते शेवटी सांगतो.

तुहं उत्तर मले निघायच्या आठ दिवस आधी भेटलं. ते कार्ड घडी करून खिशात ठेवलं अन् इतक्या वेळा उघडलं की घडीवर फाटलं. गफ्फारभाईनं लिहिलं होतं, "विहिरीवर वाचलं. मीच तुह्या दादाले म्हणलो, नानाजी, अरे काही बोल, मले लिहायचं आहे. तर उठून घरात गेला."

त्याच्याखाली गफ्फारभाईनं आपल्या पदरचं घातलंच, अन् या वेळी मी त्यायचा आभारी आहे. "पोरा, त्या नाड्याचं तुटकं टोक दोन वर्षांपासून तुमच्या ओसरीत खुंटीले टांगलेलं आहे. कोणी विचारलं की नानाजी म्हणते, उंदरानं खाल्लं. मीही विचारलं होतं. मले बी उंदीरच सांगितला. पंचफुलाले सांगितला. तुह्या मायच्या भावाले सांगितला. गावात एवढा मोठा उंदीर पाह्यलेला कोणी नाही, पण नानाजीपुढं कोण बोलते."

अन् कार्डाच्या उरल्या जागेत तुहं चित्र. चुलीतल्या कोळशानं काढलेलं. गफ्फारभाई लिहितात, तू त्यायच्या हातून कार्ड ओढून घेतलं अन् कोणाले पाहू न देता काढलं. दादा, तू आधी उभ्या काढल्या अन् मंग आडव्या, कोळसा कुठं दाबल्या गेला त्यावरून मले दिसते. डावीचा पाय वळवलाच नाही. अन् चौकटीच्या बरोबर मंधात एक ठिपका, एवढा दाबून काढला की कार्डाले मांगून उठाव आला.

मी ते मिस्त्रीले नेऊन दाखवलं. माह्या चुका दोन महिने पुसणारा माणूस. त्यानं चष्मा लावून लय वेळ पाह्यलं. मी म्हणलं, "बराबर नहीं बना, मिस्त्री."

"बराबर है," तो म्हणला. "इसमें बादली है. जाओ."

त्यानं मले मांगं थांब म्हणलं नाही. निघताना पट्ट्यायची ती छोटी चौकट दिली, खिळा नसलेली. वहिनीले दाखवाले आणली आहे. मिस्त्री त्या चार अक्षरायवाला कागद भिंतीले चिकटवून बसला आहे. मी त्याले म्हणलं, तुमीही चिठ्ठी लिहा घरी. त्यानं हात हलवला. पण कुंचला ओला होता, मी पाह्यलं.

इथं कचेरीजवळच्या अर्ज लिहिणाऱ्याकडे गेलो. वाटणीचा आपला कागद त्याच्याकडेच होता. म्हणला, हद्द कुठून धरू? मी त्याच्या हातातून टाक घेतला अन् तुह्या कार्डावर आहेत तशा आडव्या दोन, उभ्या दोन रेघा काढून दिल्या. तो भडकला. "हा काय सारीपाट आहे? सरकारी कागद आहे." मी म्हणलं, मधलं घर दोघायचं, तिथं विहीर आहे. तो डोकं खाजवत बसला अन् मंग म्हणला, मंग असं सांग ना की विहीर सामाईक. एवढ्या साध्या गोष्टीले त्याच्याजवळ शब्द तयारच होता, दादा. मले तो कलकत्त्याहून आणावा लागला. कागद तसाच ठेवायले सांगितला आहे. तू येशील तवाच सही होईल, तुह्या मनात असन तर.

आता गाडीतलं. दौलतसिंगच्या गाडीत अंबाडीचा वाख आहे, पांढरा, लांब धाग्याचा, बाजारात होता तेवढा सगळा. म्हणून मले बसायले जागा राह्यली नाही अन् मी मांगून पायी येऊन राह्यलो. खरं सांगायचं तर जागा होती. पण पत्र आधी पोचलेलं बरं, मंग मी.

वाख थारोळ्यात भिजत टाकायले सांग. नाडा एकट्यानं वळल्या जात नाही, हे तुले सांगायले नको. बाबा वळायचे तवा एक टोक तू धरायचा. आता तुले चालवत नाही, तर तू विहिरीच्या काठावर बसून टोक धर अन् पीळ दे. मी दुसरं टोक घेऊन धावेवरून खाली उतरतो, मांगं मांगं. नाडा वळताना माणसाले तसंच उतरावं लागते, तोंड विहिरीकडे करून.

रामधन